तिला विचारलं का कुणी?

परवा पहाटे गच्चीवर कुरडया घालत होतो. गल्लीतल्या आम्ही पाच-सहा जणी, पातेल्यात गरम चीक, सोऱ्या एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. बोलणं अर्थातच आदल्या रात्रीच्या मालिकेचं. नायकानं सूड म्हणून, तिच्या बापाला कर्जात अडकवून नायिकेशी लग्न केलंय. चार महिने तिला टाकून बोलला. आता तिला ताप आला तर रात्रभर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवायला लागला. झालं, सगळ्या विरघळल्या. "किती जीव लावायलाय बघ की गं तिला!"

मी म्हणाले, "पण तिला विचारलं का कुणी, तुला हा पाहिजे का म्हणून?"

हात थांबले. मग शेजारच्या आत्या, वय सत्तरीच्या पुढं, म्हणाल्या, "आमाला तरी कुणी विचारलं होतं माय? तेराव्या वर्षी उभी केली बोहल्यावर. मग आमचं काय परेम नव्हतं का?"

मला तिथं उत्तर देता आलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

आत्यांचं प्रेम खोटं म्हणायची माझी छाती नाही. मामांच्या धोतरांची वाकळ शिवून त्या भर उन्हाळ्यातही पायाशी घेऊन निजतात. विचारून झालेलं लग्न म्हणजेच प्रेम, असं मी म्हणतच नाही. ह. ना. आपट्यांची यमू आठवा. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. यमूलाही कुणी विचारलेलं नाही, ती पोरवयातच सासरी गेलीय. तरी यमू आणि रघुनाथराव यांच्याइतकं हळवं जोडपं मराठी कादंबरीत मला फार सापडत नाही. कारण तो तिला वाचायला शिकवतो, तिच्याशी बोलतो, तिला काय वाटतं ते ऐकून घेतो. त्यांचं प्रेम बोहल्यावर सुरू झालेलं नाही, या विचारपूशीतून झालंय. आणि तो गेल्यावर त्याच घरात तिला काहीएक न विचारता, जबरदस्तीनं तिचं केशवपन होतं. आपट्यांनी दोन्ही एकाच पुस्तकात ठेवलं. त्या जमान्यात एक पुरुष हे लिहून गेला, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

मालिकांमध्येही हे जमलेलं आहे. 'जुळून येती रेशीमगाठी'मधल्या मेघनाचं मन दुसऱ्यात होतं आणि वडिलांनी लग्न भलत्याशीच लावून दिलं. पण ते कळल्यावर आदित्यनं नवरेपणाचा हक्क गाजवला नाही, तिच्या बाजूनं उभा राहिला. म्हणून पुढं ती त्याच्याकडं वळली तेव्हा आपण मनापासून खूश झालो. सुरुवात जबरदस्तीचीच, मला ती तेव्हाही खुपली होती. पण त्या नायकाला तिची नाराजी ऐकू येत होती. आताच्या कित्येक नायकांना ती ऐकूच येत नाही, आणि लेखक त्यालाच रांगडं प्रेम म्हणतात.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, करमणूकच आहे. पण आम्ही ती परभणी जिल्ह्यात बसून बघतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २२ च्या आसपास आहे. आईबाप ऊसतोडीला निघाले की वयात आलेली लेक मागं कुणाच्या जिवावर ठेवायची, हा इथल्या घराघरातला प्रश्न आहे, तो मला कळतो. माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. मी घरी गेले, तर हळद लागायची होती. ती मला समजावत होती, "मॅडम, आधी असंच वाटतंय, मग पुढं परेम होतंय." रोज मधल्या सुट्टीत मला मालिकेची गोष्ट सांगायची ती.

ज्या गावात पोरीला 'नाही' म्हणायची सोयच नाही, तिथं 'नाही' म्हणणारी नायिका दिसायलाच पाहिजे. एम.ए.ला असताना जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) वाचली, तेव्हा मला एलिझाबेथचं हेच आवडलं. वडिलांच्या माघारी घर जाणार आहे, हाती पैसा नाही, आई डोक्यावर बसलीय, तरी ती कॉलिन्सला नकार देते, आणि नंतर गडगंज डार्सीलाही. पण मी खरी हरखले ते डार्सीवर. तो दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा आधीच सांगून टाकतो, की तुझं मन तेच असेल तर एका शब्दानं सांग, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मला तर वाटतं, त्या पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रेमाचा प्रसंग तोच. नाचगाण्यात तो नाही.

आणि आपल्याला इतकं लांब तरी कशाला जायला पाहिजे? पैठणच्या नाथांनी १५७१ मध्ये 'रुक्मिणी स्वयंवर' लिहिलं. लग्न जमावं म्हणून उपवर पोरींना त्याचं पारायण करायला लावतात. आजीनं मलाही बी.ए.च्या शेवटच्या वर्षी लावलं होतं. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न नाकारून रुक्मिणी स्वतः कृष्णाला पत्र लिहिते, ब्राह्मणाच्या हाती धाडते. कुठं यायचं, कधी यायचं, मी देवीच्या दर्शनाला बाहेर पडेन तेव्हा मला घेऊन जा, हा सगळा बेत तिचा. आपण पोरींच्या हातात ही पोथी देतो, स्थळ मात्र आपण बघतो, आणि रात्री साडेआठला त्यांना सूडाचं लग्न दाखवतो.

काल संध्याकाळी पोथी घेऊन आत्यांकडं गेले. पत्राचा भाग वाचून, फोड करून सांगितला. म्हणाल्या, "पोथी लहानपणी ऐकली की. पर चिठ्ठीतलं असं कुणी इस्कटून सांगितलं नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला कुठं लिहिता येत होतं." मी गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "आन् तिचा भाऊ? त्यानं काय केलं?"

म्हटलं, मागं धावला लढायला. कृष्णानं त्याला रथाला बांधलं आणि डोकं-मिशा भादरून विद्रूप केलं. आत्या पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसल्या. मग वाकळ पायावर ओढून घेतली आणि म्हणाल्या, "ते भादरल्यालं परत एकदा वाच."