खुलासा : वचन पैशाबद्दल नाही, लोभाबद्दल आहे

‘पैसा हेच सर्व पापांचं मूळ – बायबल’ असा मेसेज जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. वचन तसं नाही. बायबलमधल्या १ तीमथ्य ६:१० मध्ये (तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ६, वचन १०) ‘द्रव्याचा लोभ’ असे शब्द आहेत; मूळ ग्रीक शब्द ‘फिलार्गुरिया’, म्हणजे पैशाची हाव. एक शब्द गळला आणि अर्थच फिरला!

परवा उपासनेनंतर एक मावशी सोयाबीन विकल्याची पट्टी (हिशेबाची पावती) हातात घेऊन विचारत होत्या, “हे पैसे घरात ठेवणं पाप हाय का, भाऊ?” जीव कळवळला. मावशी, हा तुमच्या घामाचा पैसा आहे. लेकराची फी बिनघोर भरा. त्याच अध्यायात १७-१८ ही वचनंही वाचा. तिथे श्रीमंतांना धन फेकून द्यायला सांगितलेलं नाही; धनावर आशा ठेवू नका, चांगलं करा, हात सढळ ठेवा, असं सांगितलंय.