दोन ड्रायव्हर आणि सत्तावीस रकाने

स्पीकर घरी बांधायचे ठरवणारा माणूस पहिल्याच दिवशी करवत हातात घेतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याने पहिले चार महिने ड्रायव्हरांची, म्हणजे स्पीकरच्या पेटीत बसवायच्या, शंकू हलवून आवाज काढणाऱ्या भागांची, माहितीपत्रके वाचण्यात घालवायची असतात, आणि ही प्रथा मी इमानेइतबारे पाळली. त्या काळात फोनवर एका मित्राला मी ‘दोन ड्रायव्हर निवडायचे आहेत, पण मनासारखे मिळत नाहीत’ असे सांगत असताना घरी आलेल्या मावशींनी ते ऐकले आणि काळजीने विचारले, ‘अरे, गाडी एक आणि ड्रायव्हर दोन कशाला?’ त्यांना समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. त्यांना समजले नाही ते नाहीच, पण त्यामुळे मलाही आपल्याला नेमके किती समजले आहे याची शंका आली.

मुळात मी फुल-रेंजच्या वाटेला गेलो तो साधेपणाच्या मोहाने. नेहमीच्या स्पीकरमध्ये खालच्या सुरांसाठी एक मोठा ड्रायव्हर, वरच्या सुरांसाठी एक चिमुकला ट्वीटर आणि दोघांची हद्दीवरून भांडणे होऊ नयेत म्हणून कॉइल आणि कपॅसिटर यांचा क्रॉसओव्हर नावाचा लवाद नेमलेला असतो. फुल-रेंजमध्ये लवाद नाही, वाटणी नाही. एकच शंकू सगळा संसार एकट्याने ओढतो. 20 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे 17 मीटर आणि 20,000 हर्ट्झच्या लहरीची 17 मिलिमीटर असते, आणि या दोन्ही लहरी आपण तळहाताएवढ्या कागदी शंकूकडून मागतो, हे गणित मी तेव्हा केले नव्हते. केले असते तर कदाचित वाचलो असतो.

ड्रायव्हरची कुंडली ज्या आकड्यांनी मांडतात, त्यांची पद्धत ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी 1961 साली मांडली आणि पुढे 1970च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती विस्ताराने घडवली. या दोघा विद्वानांनी जगावर उपकारच केले. मात्र ते आकडे माझ्यासारख्याच्या हाती पडतील, याची त्यांना कल्पना नसावी. मी एक तक्ता केला. त्यात एफएस (शंकू स्वतःहून ज्या वेगाने थरथरतो तो आकडा), क्यूटीएस (ती थरथर किती लवकर आवरते ते), व्हीएएस (शंकूच्या लवचिकतेएवढी लवचीक हवा, लिटरमध्ये), एक्समॅक्स असे करत करत सत्तावीस रकाने झाले आणि प्रत्येक रात्री जेवणानंतर मी त्या तक्त्यासमोर असा बसू लागलो, जसा उपवर मुलीचा बाप स्थळांच्या वहीसमोर बसतो.

स्थळांच्या बाबतीत असते तशीच इथेही माहिती खोटी नसते, फक्त सोयीने सांगितलेली असते. एका ड्रायव्हरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठ्याने वाजतो ते, 91 डेसिबल आणि दुसऱ्याची 89 डेसिबल असे पाहून मी पहिल्याच्या नावापुढे खूण केली. आठवड्याने बारीक अक्षरांकडे लक्ष गेले. दोन्ही मोजमापे 2.83 व्होल्टवर केलेली होती. पण दुसरा ड्रायव्हर 8 ओहमचा असल्याने त्याला तेवढ्यात 1 वॅट मिळत होता, तर पहिला 4 ओहमचा असल्याने तो 2 वॅट रिचवत होता. दुप्पट खुराकाचे 3 डेसिबल वजा केल्यावर आमचे पहिलवान 88 वर आले. खूण पुसली.

एक्समॅक्सची, म्हणजे शंकू किती मिलिमीटर मागेपुढे सरकू शकतो या आकड्याची, तऱ्हा आणखी न्यारी. एक उत्पादक तो शंकूमागच्या कॉइलच्या आणि चुंबकातील फटीच्या उंचीवरून काढतो, दुसरा आवाज ठरावीक मर्यादेपर्यंत बिघडेपर्यंत शंकू हलवून मोजतो, आणि तिसरा पुढचे व मागचे दोन्ही अंतर मिळवून एकच भरघोस आकडा छापतो. आलेखांविषयी तर बोलायलाच नको. त्यांतल्या काही रेषा इतक्या सरळ होत्या की त्यांना छापण्यापूर्वी इस्त्री केली असावी असे वाटे, आणि नंतर लक्षात येई की उभ्या पट्टीवर एका घरात दहा-दहा डेसिबल कोंबले आहेत. तेवढ्या पट्टीवर डोंगरही माळरान दिसेल.

अखेर एका चार इंची ड्रायव्हरवर मन बसले. हे चार इंच फ्रेमसकट असतात. शंकू भरतो जेमतेम आठ सेंटिमीटर. त्याचा एफएस 80 हर्ट्झ, क्यूटीएस 0.4 आणि व्हीएएस 10 लिटर. बंद पेटीचे सूत्र वापरून पाहिले, तर पेटी पावणेपाच लिटरची आली आणि खालचे सूर 141 हर्ट्झपाशीच मान टाकू लागले. बास गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झवर वाजते, हे मी घरात कोणाला सांगितले नाही. तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली उतरायचे तर शंकूने चौपट हवा हलवावी लागते, त्यामुळे हट्ट करण्यातही अर्थ नव्हता. मागे पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करणारी नळी, ठेवून थोडी मोठी पेटी करावी, असे ठरले.

सुतारकामाविषयी एवढेच सांगतो की एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, भुसा कपाटातल्या बंद डब्यांतही शिरतो, आणि जिगसॉने कापलेले गोल भोक फक्त कापणाऱ्यालाच गोल दिसते.

स्पीकर वाजले. आवाज स्वच्छ होता, पण बास जवळजवळ नव्हताच. ‘नवे आहेत, सरावायला वेळ लागतो,’ असे मी जाहीर केले आणि दिवसरात्र ते वाजवत ठेवले. मग पेटीतला कापूस काढला, मग दुप्पट भरला, मग पोर्ट कापून आखूड केला. असा महिना गेल्यावर एका संध्याकाळी ही सोफ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, ‘अहो, गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधोमध उभी आहे असं वाटेल म्हणाला होतात ना? ही तर माझ्या डोक्याच्या मागून गातेय.’

मी उत्तर दिले नाही. ती झोपल्यावर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला आणि तो स्पीकरच्या टोकांना टेकवला. डाव्या स्पीकरचा शंकू टक् असा आवाज करत बाहेर आला. उजव्याचा तेवढ्याच तत्परतेने आत गेला. दोन्ही वायरी पारदर्शक होत्या, त्यांतल्या एकीवर केसाएवढी काळी रेघ होती, आणि त्या मी रात्री बारा वाजता सोल्डर केल्या होत्या. महिनाभर एक शंकू हवा ढकलत होता आणि दुसरा तीच हवा ओढून घेत होता.

वायरी बदलल्या आणि बास अवतरला. मात्र आता निवेदकाचा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटू लागला. वरचे सूर पेटीच्या समोरूनच पुढे फेकले जातात, तर खालचे पेटीला वळसा घालून मागे पसरतात आणि समोर कमी पडतात. माझ्या 20 सेंटिमीटर रुंद पेटीत हा बदल 575 हर्ट्झच्या आसपास होत होता. त्यावरचा उपाय म्हणजे एक कॉइल आणि तिला समांतर एक रेझिस्टर, ज्यांनी वरचे सूर चारेक डेसिबलनी दाबून खालच्यांच्या पातळीवर आणायचे. एकेका डेसिबलसाठी मी सात ड्रायव्हर नाकारले होते. आता चार डेसिबल स्वतःच्या हाताने रेझिस्टरमध्ये जाळायला निघालो.

‘कॉइल नको म्हणून तर हा एकच ड्रायव्हर घेतला होतात ना?’ हिने विचारले.

‘हा क्रॉसओव्हर नव्हे, ही दुरुस्ती आहे,’ मी म्हणालो. ती कॉइलकडे पाहत राहिली.

तेवढ्यात मावशींचा फोन आला. त्यांनी आठवणीने ड्रायव्हरांची चौकशी केली असावी, कारण ही माझ्याकडे पाहत अगदी शांतपणे म्हणाली, ‘हो मावशी, मिळाले की दोन्ही. त्यातला एक महिनाभर रिव्हर्समध्येच गाडी चालवत होता.’