काट्यावरून वांग्याची जात ठरत नाही

मृग लागला की आमच्या गावाकडच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. "काटेरी वांगं तेवढं गावरान. बिनकाट्याचं सगळं बीटी, परसात लावू नका. गावरानाला कीड लागत नाही. नर वांग्यात बी कमी, मादीत जास्त. हायब्रीडचं बी पुन्हा उगवतच नाही." यंदा तो वाचून माझ्या मावशीने चांगली हातभर वाढलेली लांब वांग्याची रोपं उपटून उकिरड्यावर टाकली. ती रोपं बघून राहवलं नाही.

आधी बीटीचं बोलू, कारण भीती तिथेच आहे. बीटी वांगं म्हणजे अळी मारणारा, एका जिवाणूतला जनुक घातलेलं वांगं. ते तयार झालं आपल्याच मराठवाड्यातल्या जालन्याच्या महिको बियाणे कंपनीत. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतात आहे, आपल्याकडे मात्र परवानगीने बाजारात आलेलंच नाही. २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबादला चोरून लावलेलं सापडलं, हे खरं. पण तेही प्रयोगशाळेत तपासल्यावर पक्कं झालं, देठ बघून नाही. बीटीचा जनुक अळी मारण्यासाठी घातलेला असतो, काट्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ज्या वाणांत हा जनुक घालून पाहिला, त्यात मांजरी गोटाही होता. म्हणजे मेसेजवाले ज्याला डोळे झाकून गावरान म्हणतील, तेच काटेरी, पट्ट्यापट्ट्यांचं वांगं! आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचं लांब, जांभळं, बिनकाट्याचं पुसा पर्पल लाँग बीटीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून लोक लावताहेत.

गावरानाला कीड लागत नाही, हे तर माझ्या परसात येऊन कुणीही बघावं. गेल्या वर्षी गावरान काटेरी वांग्याची सहा झाडं होती. भाद्रपदात एका सकाळी दोन झाडांच्या शेंड्यांनी मान टाकली. आळ्यात ओल होती, म्हणजे पाण्याचं कारण नव्हतं. शेंडा नखाने उभा चिरला तर आत गुलाबीसर अळी, मागे ओली विष्ठा भरलेली. हीच शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. तिला गावरान कळत नाही की हायब्रीड. मी रोज सकाळी चहाआधी फेरी मारून मान टाकलेला प्रत्येक शेंडा दोन बोटं खालून कापला आणि जाळला. नुसता बांधावर फेकला तर अळी मातीत उतरून कोष करते. सोबत पाच टक्के निंबोळी अर्क फवारला. फळं वाचली, पण ती मेहनतीने. पानं बारीक होऊन झुपका झाला तर तो बोकड्या रोग. तो तुडतुड्यांमुळे पसरतो. ते झाड उपटूनच टाका.

नर-मादीचं थोडक्यात सांगतो. वांग्याच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. फळाला लिंग नसतं. बुडाच्या ज्या डागावरून नर-मादी ओळखतात, तो नुसती फूल गळाल्याची खूण. वांगं बियाळ होतं ते झाडावर जून झाल्याने. साल चकचकीत असताना, अंगठ्याने दाबल्यावर खळगा भरून येतोय तोवर तोडा.

मग निवडायचं कशावरून? तुमच्या घरात काय शिजतं त्यावरून. भरल्या वांग्याचं घर असेल तर मांजरी गोटा लावा आणि लहान असतानाच तोडा. भरताला मोठं, गराचं वांगं हवं. जळगावचं फिकट हिरवं भरीत वांगं त्यासाठीच नावाजलेलं आहे, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. काप आणि रश्शाला लांब वांगं बरं. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडग्यासाठी घरचंच हवं असेल, तर आषाढात बी टाका, श्रावणात रोपं लावा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, म्हणून वाफा उंच करा आणि दोन झाडांत दोन-अडीच फूट सोडा. चार माणसांच्या घराला पाच-सहा झाडं पुरून उरतात. उन्हाळ्यात फूल गळतं, तेव्हा वाण बदलून उपयोग नाही.

बियाण्याचं वाक्य अर्धं खरं आहे. हायब्रीडचं बी उगवतं, पण रोपं आईसारखी निघत नाहीत. एक गोल, एक लांबट, एक कडू. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर, बीटी नव्हे, एवढं तरी मावशीला पटलं. बी धरायचं असेल तर सरळ वाण, म्हणजे संकर नसलेला, घ्या. मधमाश्या परागकण नेतात, म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत १०० मीटर अंतर ठेवतात. परसात ते जमणार नाही, तेव्हा त्या वर्षी एकच वाण लावा. सगळ्यात निरोगी झाडावरचं एक फळ निवडून देठाला लाल दोरा बांधा आणि पिवळं पडेपर्यंत राहू द्या. दोरा नसला तर घरातलं कुणीतरी ते भाजीला तोडून नेतंच.