फ्रेंच येतं म्हणून इंग्रजी आपोआप येत नाही

फ्रान्समधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: फ्रेंच येणाऱ्याला इंग्रजी शब्द वेगळे शिकावे लागत नाहीत. स्पेलिंग सारखं तर अर्थही सारखा. ‘शन’ने संपणारे शब्द जसेच्या तसे उचला. अपवाद दहाबारा, आणि तिथे चुकलात तरी समोरच्याला संदर्भावरून कळतं. माझी भाची ल्योंमध्ये वाढली, शाळा-कॉलेज सगळं फ्रेंचमधून, आणि आता नर्सच्या नोकरीसाठी डब्लिनला निघाली आहे. हे वाचून तिने शब्दांची वही मिटून ठेवली, म्हणून गप्प बसवत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात घातक तोच. संदर्भावरून कळतं म्हणे! चुकीचा अर्थ वाक्यात बसत नसेल तर कळेल. पण तो चपखल बसला तर? अन्नातून विषबाधा झाली की फ्रेंचमध्ये ‘अँतोक्सिकास्यों आलिमाँतेर’ म्हणतात. त्याच भरवशावर भाचीने ‘पेशंट इंटॉक्सिकेटेड आहे’ असं सांगितलं, तर ऐकणारी समजणार की हा पिऊन आलाय. रात्री उलट्या करत आलेल्या माणसाबद्दल दोन्ही गोष्टी सारख्याच पटतात, मग संदर्भ काय सांगणार? वैद्यकीय पुस्तकांत त्या इंग्रजी शब्दाला विषबाधा असाही अर्थ आहे, मान्य. पण ड्युटी बदलताना कोणी पुस्तक उघडून बसत नाही. ‘एव्हाँत्युएलमाँ’चंही तेच. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘जमलंच तर’. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे उशिरा का होईना, पण होणारच. ‘डॉक्टर इव्हेंच्युअली येतील’ हे ऐकून नातेवाईक वाट बघत बसतील, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसेल.

स्पेलिंग सारखं तर अर्थ सारखा? पुरानंतर फ्रेंच अधिकाऱ्याने घर ‘इनाबिताब्ल’ ठरवलं, तर ते राहण्याच्या लायकीचं उरलेलं नाही. नेमकी तीच अक्षरं इंग्रजीत ‘इनहॅबिटेबल’ होतात आणि अर्थ होतो राहण्याजोगं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, अर्थ मात्र थेट उलटा. फ्रेंचमधला ‘इन’ नकार सांगतो. इंग्रजीतला ‘आत वस्ती करणे’ या लॅटिन क्रियापदातून आलाय, म्हणून नकार हवा तर त्याच्याआधी आणखी ‘अन’ लावावा लागतो. आकडेही सुटलेले नाहीत. फ्रेंच ‘बिल्यों’ म्हणजे एकावर बारा शून्यं, इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे नऊ. फ्रान्सने १९६१ मध्ये मोठं माप अधिकृत केलं, ब्रिटनने १९७४ मध्ये सरकारी वापरात छोटं घेतलं. फरक हजारपटीचा!

‘शन’वाल्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘देसेप्स्यों’ म्हणजे अपेक्षाभंग, ‘डिसेप्शन’ म्हणजे फसवणूक. ‘लोकास्यों’ म्हणजे भाड्याने देणं-घेणं, ‘लोकेशन’ म्हणजे ठिकाण. एवढं पुरे.

आणि अपवाद म्हणे दहाबारा. मॅक्सिम केस्लेर आणि झ्यूल देरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये अशा फसव्या जोड्यांवर एक अख्खं पुस्तक काढलं. ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र, हे नाव त्यातूनच रूढ झालं. ते पुस्तक शाळकरी पोरांसाठी नव्हतं, अनुवादकांसाठी होतं. भाषेवर पोट असलेल्यांना जे लागलं, ते भाचीला नको?

एक गोष्ट कबूल करावी लागेल. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीमुळे इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, आणि राज्यकारभार, कायदा, न्याय यांचे बरेचसे शब्द फ्रेंच माणसाला न शिकताच ओळखू येतात. वाचताना त्याचा फायदा होतो. पण ओळखता येणं वेगळं, आणि बोलताना बिनधास्त वापरणं वेगळं.

फॉरवर्डमध्ये ज्याचा पत्ताच नाही, ती अडचण तर रोजची आहे. फ्रेंचमध्ये एक शब्द, इंग्रजीत दोन. ‘गान्ये’ म्हणजे ‘विन’ही आणि ‘अर्न’ही. ‘आप्राँद्र’ म्हणजे ‘लर्न’ही आणि ‘टीच’ही. ‘राप्ले’मधून ‘रिमेंबर’ आणि ‘रिमाइंड’चा गोंधळ होतो. इथे स्पेलिंग काही मदत करत नाही, पण मराठी करते: जिंकणं-कमावणं, शिकणं-शिकवणं, आठवणं-आठवण करून देणं. भाची घरात मराठीच बोलते. तिला सांगितलंय, वही उघड, प्रत्येक जोडीसमोर मराठी शब्द लिही, आणि ‘आप्राँद्र’ तोंडात आला की आधी ठरव, शिकते आहेस की शिकवते आहेस.