व्हिडिओ एकच असला तरी शिकणारी मुलं एकसारखी नसतात

कोल्हापुरातल्या पालक-शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'उत्तम शिक्षकाचा व्हिडिओ करा, त्याचं मराठी भाषांतर करा, चर्चेला जागा द्या. बोस्टन असो वा भुदरगड, मुलं सारखीच शिकतील.' मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

भाषांतराचंच घ्या. अमेरिकी धड्यातलं बेसबॉलच्या सरासरीचं उदाहरण मराठीत आणलं, तरी करवीरच्या मुलीला आधी बेसबॉल समजून घ्यावा लागतो. त्याऐवजी विचारा: 7 फॅटचं म्हशीचं 20 लिटर दूध आणि 4 फॅटचं गाईचं 10 लिटर एकत्र केलं, तर फॅट किती? घाईत कुणी साडेपाच म्हणेल. पण डेअरीची पावती रोज बघणारी मुलगी म्हणेल, म्हशीचं दूध जास्त आहे, फॅट वर जाणार. उत्तर 6. भारित सरासरी, म्हणजे प्रमाण धरून काढलेली सरासरी, शिकवून झाली, आणि दर्जाही कुठं घसरला नाही. असा धडा मुळातूनच बांधावा लागतो.

'चर्चेत लिहीत नाहीत, म्हणजे मुलांना रस नाही' हा निष्कर्ष तर अन्यायाचा आहे. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून सत्ता-अंतराचा निर्देशांक मांडला. त्यात भारत 77, अमेरिका 40. वरच्या माणसाचा अधिकार आपण किती सहज मान्य करतो, ते यात दिसतं. ही देशाची सरासरी आहे, तिचा शिक्का एकेका मुलावर मारू नये. पण चित्र ओळखीचं आहे: सर असलेल्या ग्रुपवर नुसतं 'हो सर', 'ओके सर', आणि सर नसलेल्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत शंकाच शंका. 'सरांना कसं विचारायचं? चुकलं तर?' रस भरपूर आहे, विचारायला जागा नाही. नाव न दिसता प्रश्न टाकण्याची सोय आणि चार-पाच जणांचे छोटे गट, एवढं केलं तरी मुलं बोलू लागतात.

'जो तो आपल्या फोनवर, आपल्या वेळेत शिकतो' हेही तसंच. गगनबावड्याकडच्या कितीतरी घरांत फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर रानात. शिवाय आपल्याकडं अभ्यास एकत्र बसून होतो. शाहू महाराजांनी 1901 पासून याच शहरात वसतिगृहं उभी केली, तिथं खेड्यापाड्यातली मुलं एकत्र राहून शिकली. आजची लॉगिनची पद्धत मात्र एका फोनपुढं बसलेल्या तीन मैत्रिणींना एकच विद्यार्थिनी मोजते. तिघींची नावं आणि तिघींचे गुण वेगळे नोंदवता आले पाहिजेत, आणि संध्याकाळी फोन घरी आल्यावर डाउनलोड केलेला धडा नेटशिवाय चालला पाहिजे.