नॅकच्या वादात विद्यार्थी कुठे बसतो?

महाविद्यालयांची आणि विद्यापीठांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेची श्रेणी हवी की नुसते 'मान्यताप्राप्त' एवढेच पुरे, यावर महाराष्ट्रातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांमध्ये वाद पेटला आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीने सुचवलेली पद्धत २०२४च्या जानेवारीत जाहीर झाली. ए प्लस प्लसपासून खालपर्यंतच्या सगळ्या श्रेणी रद्द होणार. महाविद्यालय मान्यताप्राप्त असेल, नसेल किंवा मान्यतेच्या प्रतीक्षेत असेल. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी पाच पातळ्या. तपासणी समितीच्या भेटीपेक्षा संगणकावर भरलेल्या माहितीवर जास्त भिस्त. काहींच्या मते याने लाचखोरी थांबेल. काहींना वाटते, कष्टाने ए प्लस मिळवलेल्याला आणि जेमतेम काठावर तरलेल्याला एकाच माळेत ओवले जाईल.

मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत शिकवते. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात होते. दोन्ही बाजू मला समजतात, पण त्यांचे सगळे भांडण शिक्का कसला मारायचा याचे आहे. मुलांनी लिहिलेल्या आणि आपण तपासलेल्या उत्तरपत्रिका बाहेरचा जाणकार दरवर्षी पाहतो का? तपासणी करणाऱ्यांच्या रांगेत एखादा विद्यार्थी असतो का? हे कुणी विचारतच नाही, आणि माझ्या दृष्टीने गुणवत्तेचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

नॅक जवळ आले की महाविद्यालयात काय होते, हे ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. सात निकष, प्रत्येक निकषाला एक प्रमुख, एसएसआर म्हणजे संस्थेचा स्वयं-अभ्यास अहवाल भरायचा, राहिलेले एक्यूएआर म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल पुरे करायचे. प्रत्येक कार्यक्रमाची सूचना, अहवाल, हजेरीच्या सह्या, जिओटॅग असलेला फोटो. यातले बरेचसे काम तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांच्या गळ्यात पडते. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. फायलींच्या रात्रींचे कुणी देत नाही. मीही त्या फायली लावल्या आहेत. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या वर्गातल्या मुलांना विषय कळतोय का, हे मला एकानेही विचारले नाही. त्याचा राग मला अजून आहे.

पाच वर्षांत एकदा भेट आणि त्या भेटीवर श्रेणी. त्या श्रेणीवर स्वायत्तता, अनुदानाच्या योजना, ऑनलाइन अभ्यासक्रमांची परवानगी आणि प्रवेशाच्या जाहिराती. एवढे सगळे एका टीमच्या मतावर टांगले की ते मत विकत घेण्याचा मोह होणारच. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष असताना त्यांनीच गैरप्रकारांच्या चौकशीची मागणी केली आणि २०२३मध्ये पद सोडले. २०२५च्या फेब्रुवारीत सीबीआयने एका तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही सदस्यांना आणि आंध्र प्रदेशातल्या एका शिक्षणसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांना अटक केली. आरोप असा की ए प्लस प्लससाठी रोख रक्कम, सोने, मोबाइल आणि लॅपटॉप दिले गेले. खरेखोटे न्यायालय ठरवेल. पण भेट काढून टाकून तिच्या जागी आकडे आणले तर मोह संपत नाही. तो आकडे भरणाऱ्याकडे सरकतो.

शिकवण्याला गुण देण्याचा हा खेळ इंग्लंडनेही खेळून पाहिला. १९९०च्या दशकात प्रत्येक विषयाला समिती यायची. सहा बाबी, प्रत्येकी चार गुण, एकूण २४. विभाग खोली भरून कागदपत्रे मांडून ठेवत, आणि वर्षागणिक गुण वरवर सरकत गेले. अखेर २००१मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्थेने या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा इशारा दिला आणि गुणांची पद्धत गुंडाळली गेली.

स्कॉटलंडने २००३पासून वेगळी वाट धरली. इथल्या विद्यापीठांच्या नियतकालिक आढाव्यात श्रेणी दिली जात नाही. संस्था आपले काम सुधारण्यासाठी काय करते, ते परिणामकारक आहे का, यावर अहवाल निघतो आणि तो सर्वांना वाचता येतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: आढावा घेणाऱ्या समितीत पहिल्यापासून एक विद्यार्थी पूर्ण सदस्य असतो. तो प्राध्यापकांच्या बरोबरीने कागद वाचतो, प्रश्न विचारतो, निष्कर्षावर मत देतो. त्याला तसे प्रशिक्षण मिळते. नॅकही विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठवते आणि समिती त्यांना भेटते. पण भेटीला कुणाला बसवायचे आणि काय बोलायचे, हे आधी ठरलेले मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट बाह्य परीक्षकाची. प्रॅक्टिकलला येणारा एक्स्टर्नल आपल्याला माहीत आहे. तो विद्यार्थ्याची परीक्षा घेतो. इथला बाह्य परीक्षक आमची घेतो. दुसऱ्या विद्यापीठातला हा प्राध्यापक प्रश्नपत्रिका आधी वाचतो. मग तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा नमुना पाहतो: वरच्या, खालच्या, काठावरच्या, नापासांच्याही. परीक्षा मंडळाच्या बैठकीला बसतो आणि लेखी अहवाल देतो. त्याला विभागाने लेखी उत्तर द्यायचे असते. एका वर्षी आमच्या परीक्षकांनी लिहिले की शेरे इतके त्रोटक आहेत की ५८ मिळालेल्याला ६० का मिळाले नाहीत, हे त्याला कधी कळणार नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तेच पुन्हा तपासले. विभाग सुधारला तो या एका वाक्याने.

मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये लंडनच्या धर्तीवर उभे राहिले: महाविद्यालयाने शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. त्या पद्धतीत दोष होते, तरी उत्तरपत्रिकेवर बाहेरची नजर होती. आता स्वायत्त महाविद्यालये वाढत आहेत आणि जो शिकवतो तोच बहुधा तपासतो. अभ्यास मंडळावर बाहेरचे तज्ज्ञ असतात, काही ठिकाणी प्रश्नपत्रिकाही बाहेरून येते. तपासलेले पेपर पाहून लेखी मत देणारा माणूस मात्र क्वचितच आढळतो.

"आपल्याकडे ओळखीतलेच येतील" असे मित्र म्हणतात. ब्रिटनलाही ती भीती आहे, म्हणून नियम कडक आहेत. मुदत चार वर्षांची, तुम्ही आमचा घ्या आम्ही तुमचा घेतो असा सौदा नाही, आणि त्या संस्थेत पूर्वी नोकरी केली असेल तर मध्ये पाच वर्षे जावी लागतात. शिवाय एका परीक्षकाच्या अहवालावर ना श्रेणी अवलंबून असते ना निधी. विकत घेण्यासारखे त्यात फारसे काही नसते.

इथे सगळे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये सुवर्ण, रौप्य, कांस्य असे शिक्के पुन्हा आले. कंत्राटी शिक्षकांची परवड इथेही आहे. डंडी विद्यापीठाच्या तिजोरीतला मोठा खड्डा २०२४च्या अखेरीस उघड झाला आणि शेकडो नोकऱ्यांवर गदा आली. गुणवत्तेची कुठलीही व्यवस्था प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरत नाही, आणि महाराष्ट्रात त्या भरल्याशिवाय बाकीचे फार पुढे जाणार नाही.

तरी सुरुवातीला नॅकच्या बेंगळुरूतल्या मुख्यालयाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको. कोल्हापूरच्या स्वायत्त महाविद्यालयाने नांदेडच्या प्राध्यापकाला आणि नांदेडने जळगावच्या प्राध्यापकाला याच सत्राच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवाव्यात, आणि त्यांचा अहवाल आयक्यूएसी म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या बैठकीत, वर्गाने निवडलेल्या दोन विद्यार्थ्यांसमोर वाचावा.