नाव बदलणे आहे

पंचतंत्रातला विष्णुशर्मा ऐंशी वर्षांचा होता, हे मला वेळीच आठवायला हवं होतं. त्या वयात माणसाला गमावण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून तो अमरशक्ती राजाच्या भर सभेत म्हणू शकला, की तुझे हे तीन ठोंबे राजपुत्र सहा महिन्यांत शहाणे करून दाखवतो, नाही जमलं तर नाव टाकतो. वर शंभर गावांचं इनामही नाकारलं, विद्या विकत नाही म्हणून. मी हेच वाक्य एक्केचाळिसाव्या वर्षी, गुढीपाडव्याच्या दिवशी, नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या हॉलमध्ये, कूलरच्या वरताण आवाज काढून म्हटलं. इनामाचा विषय कोणी काढला नाही. सभा म्हणजे सासूबाई आणि चार पोट्टे.

पोट्ट्यांपैकी दोन माझे. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठची. दोन समोरच्या वहिनींचे, जुळे, नऊ वर्षांचे. चौघंही शाळेत जात नाहीत. का, हे मी आजवर भाजीवाल्यापासून नणंदेच्या सासरपर्यंत इतक्यांदा सांगितलंय, की आता सांगत नाही. विषयांची वाटणी झाली तेव्हा नवऱ्यानं गणित उचललं, वहिनी लॅबमध्ये होत्या म्हणून विज्ञान त्यांचं, आणि माझ्या वाट्याला आलं ‘प्राचीन साहित्य आणि पुराणकथा’. कारण मी संस्कृतात एमए आहे. लग्नाच्या बायोडेट्यानंतर त्या एमएचा हा पहिलाच उपयोग.

मी जय्यत तयारी केली होती. तक्ता केला. वंशावळ काढली, शंतनूपासून परीक्षितापर्यंत, चार रंगांच्या पेनांनी. पहिल्याच तासाला जुळ्यांना लाडानं म्हटलं, ‘‘तुम्ही माझे नकुल-सहदेव!’’ दोघंही खूश. आठवडाभरानं दोघंही दारात उभे, तोंडं उतरलेली.

‘‘काकू, आमाले दुसरं काही द्या.’’

‘‘काहून रे?’’

‘‘यायले कामच नाही काही. भीम मारून राहिला, अर्जुन मारून राहिला, हे दोघं नुसते उभे. द्यूतात बी पहिले यायलेच हरवलं.’’

हे खरं आहे. भावांत डाव लावायला युधिष्ठिराने सुरुवात केली ती नकुलापासून, मग सहदेव. मी एमएला महाभारत शिकले, पेपर लिहिला, बासष्ट टक्के मिळवले. पण त्या दोघांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, सहदेवानं शकुनीला मारलं की नाही अठराव्या दिवशी? त्यावर सहदेव थोडा निवळला. नकुल मात्र दसऱ्यापर्यंत माझ्यावर रुसूनच होता.

युद्धावर आलो तेव्हा थोरल्यानं वही काढली. त्याला गोष्ट नको असते, हिशोब हवा असतो. मी फळ्यावर लिहिलं: एक अक्षौहिणी म्हणजे २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. कौरवांच्या अकरा, पांडवांच्या सात. आता कुरुक्षेत्रावर शंख वाजणार, अर्जुनाचे हात थरथरणार, मी गीतेची पार्श्वभूमी सांगणार, इतक्यात थोरल्यानं मान वर न करता विचारलं, ‘‘हत्ती दिवसाला किती खातो?’’

‘‘असेल शंभर-दीडशे किलो.’’

‘‘मग ३ लाख ९३ हजार ६६० हत्तींना दिवसाला ५९ हजार टन चारा लागला. तो कोणी आणला?’’

‘‘त्याचा उल्लेख नाही.’’

‘‘आणि शेण कुठं टाकलं?’’

गीता त्या दिवशी झालीच नाही. पुढचा पाऊण तास कुरुक्षेत्रावरच्या शेणाच्या विल्हेवाटीवर चर्चा झाली. जुळ्यांनी त्यात मोलाची भर घातली, कारण अखेर नकुल-सहदेवांना काहीतरी काम मिळत होतं. धाकटी तेवढ्यात आकडे मोडून त्यांच्या बेरजा करत बसली होती, तिला तो नादच आहे. म्हणाली, ‘‘आई, दोन अधिक एक अधिक आठ अधिक सात, अठरा. हे पण अठरा. हे पण.’’ मी फळ्याकडे पाहिलं. रथ अठरा, घोडे अठरा, पायदळ अठरा. पर्वं अठरा, दिवस अठरा, अक्षौहिणी अठरा हे मला पाठ होतं. अक्षौहिणीच्या पोटातही अठराच बसलेत, हे मला आठ वर्षांच्या पोरीनं दाखवलं. मी ‘‘हो, तेच सांगणार होते’’ असं म्हटलं. शिक्षकानं दुसरं काय म्हणायचं असतं?

मे महिन्यात म्हटलं, जरा जगाकडे वळू. ग्रीक कवी होमरचं इलियड घेतलं. पारा पंचेचाळिशीच्या वर, बाहेर कुत्रंही नाही, खसच्या ओल्या ताट्यांचा वास, अशा दुपारी ट्रॉयचा वेढा छान रंगतो. पोरांना एवढंच ठाऊक होतं, की शेवटी लाकडी घोडा येतो. नवीन कूलर घेतला होता, त्याचा खोका त्यांनी मागून घेतला. तीन आठवडे घोडा घडत होता. झाडूची शेपटी, जुन्या मोज्यांचे कान, पोटाला आतून कडी.

मी रोज रात्री पुढचा भाग वाचून ठेवायची. चोविसावा सर्ग आला. हेक्टरचं दहन झालं. आणि ग्रंथ संपला.

घोडा नाहीच! मी पान उलटून पाहिलं, मागे पुठ्ठा होता. लाकडी घोड्याची गोष्ट ओडिसीत ओझरती येते आणि पुरती सांगितली ती रोमच्या व्हर्जिलनं, सात-आठशे वर्षांनी. इलियडच्या शेवटच्या ओळीत हेक्टरला ‘घोड्यांना वठणीवर आणणारा’ म्हटलंय, म्हणजे घोडा आहे, पण विशेषणात. हे मी कूलरच्या खोक्यात बसलेल्या चार ग्रीकांना कोणत्या तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी धीर करून सांगितलं. खोक्यातून बराच वेळ आवाज आला नाही. मग नकुल म्हणाला, ‘‘म्हणजे फसवलं.’’ कोणी, होमरनं की मी, ते त्यानं स्पष्ट केलं नाही. वाया जायला नको म्हणून त्यांनी घोडा तसाच सरकवत सासूबाईंच्या खोलीत नेला. त्या दुपारच्या झोपेत होत्या. पुढे जे झालं त्याला ट्रॉयचा पाडाव म्हणता येईल, फक्त इथे पडले ते ग्रीक. त्यांची पायताणं अंगणापर्यंत विखुरली होती.

सासूबाईंचं आणि माझ्या विषयाचं तेव्हापासून सुरू झालं. त्यांना पुराणं शिकवायची असतात हेच मान्य नाही. ‘‘तक्ते कायचे काढून राहिली? पोट्ट्यायले जवळ बसव, सांग.’’ त्या स्वतः तांदूळ निवडता निवडता सांगतात आणि चारही पोट्टे हलत नाहीत. त्यांचं पुराण पूर्णपणे वैदर्भीय आहे. रुक्मिणी आपली, कौंडण्यपूरची. दमयंती आपली. अजाची इंदुमती आपली. अगस्त्याची लोपामुद्रा आपली. मग जावयांची झडती. ‘‘किसनानं पोट्टी पळवून नेली, मांडव बी घालू देला नाही. नळानं तर रानात सोडली, अर्धं लुगडं फाडून. एक अगस्ती तेवढा कामाचा निघाला, बायकोनं मागितलं त आणून देलं.’’

अगस्त्याची गोष्ट मलाही सांगायची होती, पण त्यांनी आधी उडवली. लोपामुद्रेला हवं होतं म्हणून तो धन मागायला इल्वल राक्षसाकडे गेला. इल्वलाचा धंदा असा, की भाऊ वातापीला बोकड करायचा, कापून पाहुण्याला वाढायचा, मग हाक मारायची. वातापी पोट फाडून बाहेर. अगस्त्यानं सगळं मटण खाल्लं, पोटावरून हात फिरवला आणि ढेकर दिला. भाऊ पचला.

‘‘रस्सा सावजी होता का, आजी?’’ सहदेवानं विचारलं.

‘‘असनच,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पण इदर्भाचा जावई, त्याले काय होते?’’

माझ्या तक्त्यात अगस्त्याखाली ‘मंत्रद्रष्टा ऋषी’ एवढंच लिहिलं होतं. धाकटीनं नंतर खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘पचनशक्ती उत्तम’.

आषाढात मी शेवटचा डाव टाकला. चौघांना घेऊन रामटेकला गेले, पन्नास किलोमीटर. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलंय. नागपूरकराला तर त्यात वाद आहे हेच पटत नाही. गडावर उभं राहून, ढग बघत, मी ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ म्हणायचं, पोरांच्या डोळ्यांत पाणी नाही तरी निदान शांतता यायची, असा बेत होता. प्रत्यक्षात ढग नव्हते, माकडं होती. ‘कश्चित्कान्ता’पर्यंत पोचले आणि पराठ्यांचा डबा गेला. ‘विरहगुरुणा’ हा शब्द मी इतक्या मनापासून कधीच उच्चारला नव्हता.

उरलेल्या चिवड्यावर मेघदूत झालं. कामात चूक केली म्हणून यक्षाला वर्षभर घराबाहेर काढलं, हे सस्पेन्शन सगळ्यांना चटकन कळलं. आठ महिने गेले, चार उरले, तर निरोप पाठवायचाच कशाला, थेट जाऊन भेटावं की, असं थोरला म्हणाला. पण पत्त्याचा भाग आला आणि धाकटी जवळ सरकली. यक्ष ढगाला घर कसं सांगतो? कुबेराच्या घराच्या उत्तरेला. तोरण इंद्रधनुष्यासारखं, लांबून दिसतं. शेजारी बायकोनं पोरासारखं वाढवलेलं लहान मंदाराचं झाड, फुलांनी इतकं वाकलंय की हात पुरतो. दारावर शंख आणि पद्म काढलेत.

‘‘आई, पिनकोड नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘तरी पोचला ढग?’’

ढग पोचल्याचं मूळ काव्यात येत नाही, यक्ष बोलतो तिथंच ते संपतं. पण इलियडचा अनुभव ताजा होता. म्हटलं, ‘‘पोचला असेल.’’

दसऱ्याला सहा महिने भरले. सकाळी सासूबाईंनी परीक्षा घेतली. महाभारत कशामुळे झालं? नकुल म्हणाला, नकुल-सहदेवाले कोणी काही विचारलं नाही म्हणून. रामायणातून काय घ्यावं? सहदेव म्हणाला, माकडांपुढे डबा उघडू नये. गीता कुठं सांगितली? थोरला म्हणाला, शेण नव्हतं तिथं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘पोट्टे हुशार आहेत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तूच नापास. आता टाक नाव.’’ चौघांनी टाळ्या वाजवल्या आणि नवीन नावासाठी चिठ्ठ्या करायला बसले. मी पुरणाकडे वळले.

तेवढ्यात फोन वाजला. पार्सलवाला होता. आमचं घर त्याला दर वेळी चार फोन केल्याशिवाय सापडत नाही. माझे हात पुरणात, म्हणून धाकटीनं घेतला.

‘‘दादा, पंपाच्या उत्तरेला या. लांबूनच झेंडूचं तोरण दिसते. बाजूला आईनं पोरासारखं वाढवलेला गोडलिंब आहे, सगळेच तोडून नेतात, म्हणून वाकला आहे. दारावर शुभ आणि लाभ काढलंय.’’

दोन मिनिटांत फाटक वाजलं. दुसरा फोन नाही, काही नाही. मी हात धुवायच्या आत तो पार्सल घेऊन पायरीवर उभा, कपाळाचा घाम पुसत.

‘‘बरोबर सांगितलं बेटा. कोणाचं आहे, मॅडमचं? नाव सांग बरं, लिहायचं आहे.’’

धाकटीनं आत वळून पाहिलं. नकुल चिठ्ठ्यांची वाटी हलवत होता.

‘‘दोन मिनिटं थांबा दादा,’’ ती म्हणाली, ‘‘नाव काढून राहिले.’’